जुन्या मोटारीतील तारांचे सांधे

मोटारीविषयी बोलणारा माणूस सहसा इंजिनाविषयी बोलतो. इंजिनाच्या खालोखाल टायर, ब्रेक, रंग यांची चौकशी होते. परंतु बॉनेटखालून आणि डॅशबोर्डच्या मागून जाणाऱ्या तारांच्या जुडग्याची विचारपूस कोणी करीत नाही. आणि त्या तारा एकमेकींस जोडणाऱ्या नखाएवढ्या पितळी पिनांची तर नाहीच नाही. प्रस्तुत लेख या पिनांविषयी आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; विद्युतशास्त्र हा माझा अभ्यासविषय नव्हे. पण आमच्या घरी १९७१ सालची मार्क-टू अ‍ॅम्बॅसॅडर अजून चालती आहे, आणि यंदा पावसाळ्यापूर्वी तिच्या पुढील भागातील सर्व जोडण्या काकांनी व मी मिळून, एका जुन्या मेस्त्रींच्या देखरेखीखाली, नव्याने केल्या. बाजारात गेल्यावर कोणती पिन घ्यावी, हा प्रश्न वाटला होता तितका सोपा निघाला नाही. त्यानिमित्ताने जे वाचले, मोजले आणि पाहिले ते येथे मांडतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. अ‍ॅम्बॅसॅडर ही मुळात इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची तिसरी आवृत्ती. हिंदुस्थान मोटर्सने ती कोलकत्याजवळच्या उत्तरपाडा येथे घडविली आणि तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू राहिले. मूळ ब्रिटिश असल्यामुळे तिच्या वायरिंगची पद्धतही ब्रिटिश, म्हणजे ल्यूकास कंपनीची. या पद्धतीत तारेच्या टोकाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराची पितळी पिन असते. अशा दोन पिना समोरासमोरून एका नळीत दाबून बसवितात. नळी पातळ पत्र्याची, लांबीत चिरलेली, म्हणून थोडी स्प्रिंगसारखी. वरून काळ्या रबराचे आवरण. पिनेला बाजारात ‘बुलेट’ आणि नळीला ‘स्लीव्ह’ म्हणतात. एकाच तारेतून दोन-तीन तारांना प्रवाह द्यायचा असेल तर चार तोंडांची जोडस्लीव्ह वापरतात. दुसरी प्रसिद्ध जुनी गाडी फियाट, म्हणजे पुढे जिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले ती. तिच्यात इटालियन वळणाच्या चपट्या पात्याच्या पिना असतात. एकीची पिन दुसरीला चालत नाही, हे उघड आहे. खरी अडचण सारख्या दिसणाऱ्या पिनांची आहे. तिच्याकडे पुढे येतो.

सांधा बिघडतो म्हणजे नेमके काय होते? दोन धातू एकमेकांस टेकलेले दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पृष्ठभाग डोंगराळ असतात आणि प्रत्यक्ष स्पर्श फक्त काही उंचवट्यांवर होतो. सगळा प्रवाह तेवढ्या मोजक्या बिंदूंतून जातो. स्प्रिंगचा दाब चांगला असेल तर हे बिंदू पुरेसे असतात. दाब कमी झाला, किंवा मध्ये गंज आला, की बिंदू कमी होतात, रोध वाढतो आणि सांधा तापतो. तापल्यावर पितळेचा ताठपणा जातो, म्हणजे दाब आणखी कमी होतो. गंजही वेगाने चढतो. सावकारी व्याजाप्रमाणे हे प्रकरण स्वतःच्याच अंगाने वाढत जाते.

गंजाविषयी आपल्या स्वयंपाकघराला विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा आधीपासून माहिती आहे. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणून आजीच्या काळी दर काही महिन्यांनी कल्हईवाल्याला बोलावीत. तांबे-पितळेवर चढणारा हिरवट कळंक हाच गाडीतल्या पिनांवर चढतो, आणि त्यावरचा उपायही तोच आहे. चांगली पिन नुसती पितळी नसते, तिच्यावर कथिलाचा पातळ थर दिलेला असतो. म्हणजेच ती कल्हई केलेली असते. कथील मऊ असते. पिन स्लीव्हमध्ये दाबताना त्याच्यावरचा गंजाचा पापुद्रा फुटतो आणि आतला स्वच्छ धातू धातूला भिडतो. दुकानात पिवळीधमक पिन आणि पांढुरकी पिन शेजारी असल्या तर पांढुरकी घ्यावी, एवढे यातून निघते. सोन्यासारखी चमक पाहून पिवळी उचलण्याचा मोह पुष्कळांना होतो.

आता आमच्या गाडीची अवस्था सांगतो. गणपतीत आम्ही बेळगावहून आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीकडे जातो. घाटात धुके, पाऊस, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे आजचे झगझगीत दिवे. गेली दोन वर्षे आमचे हेडलाइट देवघरातल्या निरांजनासारखे पिवळे पडले होते. बल्ब बदलून झाले, बॅटरी बदलून झाली. शेवटी मल्टिमीटर आणला. दिवे चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजले तेव्हा १२.४ व्होल्ट, आणि बल्बच्या मागच्या पिनांवर १०.६ व्होल्ट. मधल्या १.८ व्होल्टची वाटेत गळती होत होती. तापलेल्या तारेच्या दिव्याचा प्रकाश विभवांतराबरोबर सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो साधारण साडेतीनच्या घाताने कमी होतो. १२.४ चे १०.६ झाले म्हणजे विभवांतर सुमारे १५ टक्के घटले, पण प्रकाश ४० टक्क्यांच्या आसपास गेला.

मग मीटरची दोन टोके एकेका सांध्याच्या अलीकडे व पलीकडे लावून पाहत गेलो. ही रीत प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने शिकावी अशी आहे. तार तोडावी लागत नाही, काही उघडावे लागत नाही, फक्त प्रवाह चालू असला पाहिजे. निरोगी सांध्यावर मीटर शून्याच्या जवळ असतो, ०.१ व्होल्टच्या पुढे गेला तर त्या सांध्याकडे संशयाने पाहावे. आमच्या ग्रिलमागच्या एका जोडस्लीव्हवर १.१ व्होल्ट निघाले. दोन्ही दिव्यांचा प्रवाह त्याच स्लीव्हमधून विभागला जातो. ४५ वॅटचे दोन दिवे, म्हणजे साडेसात अँपिअर धरले, तर १.१ गुणिले ७.५ म्हणजे आठ वॅटहून अधिक उष्णता त्या करंगळीच्या पेराएवढ्या जागेत तयार होत होती. २५ वॅटच्या सोल्डरिंग गनने आपण कथील वितळवतो, हे लक्षात घेतले म्हणजे आठ वॅटचा अर्थ कळेल. रबर कोळशासारखे कडक होऊन चिरले होते.

येथे एक प्रश्न काकांनी विचारला, आणि तो मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. “एवढं तापत होतं, तर मग फ्यूज का उडाला नाही?” फ्यूज उडतो तो प्रवाह वाढल्यावर. खराब सांध्याने रोध वाढतो, आणि रोध वाढला की ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह कमी होतो. फ्यूजच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. उरलेली गोष्ट आणखी चिंतेची : त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटच्या वाटेवर फ्यूजच नसे. तेव्हा जुन्या गाडीत सांध्याची राखण करणारे दुसरे कोणी नाही. पिन बरोबर निवडली आणि बरोबर बसविली, एवढेच काय ते संरक्षण. जुनी गाडी जळाली की लोक म्हणतात, ‘शॉर्ट सर्किट झाले’. शॉर्ट सर्किट होण्याच्या आधी कित्येक महिने एखादा सांधा निमूटपणे रबर शिजवीत असणे शक्य आहे.

आता निवडीकडे वळू.

बुलेटच्या बाबतीत पहिली गोष्ट व्यास. ल्यूकासची बुलेट ४.७ मि.मी. व्यासाची, म्हणजे इंचाच्या तीन-सोळांश. पण मोटारसायकलींच्या वायरिंगसाठी जपानी मापाची, ३.९ मि.मी.ची बुलेट मिळते, आणि दुचाकींची संख्या पाहता दुकानात तीच पुढे ठेवलेली असते. हातात घेतल्यावर दोन्ही सारख्याच वाटतात. पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. लहान बुलेट मोठ्या स्लीव्हमध्ये जाते, रबर तिला घट्ट धरल्याचा भास निर्माण करते, दिवा लागतो, आणि दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही समाधानाने घरी जातात. आमच्या गाडीत पूर्वी कोणीतरी नेमके हेच केले होते. मेस्त्रींनी ती पिन चिमट्याने ओढून काढली आणि म्हणाले, “बसतीया, खरं धरत न्हाई.” बेळगावकरांना हे ‘खरं’ सांगावे लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी इतकेच की त्याचा अर्थ ‘पण’. मेस्त्री घरी कानडी बोलतात. चांगल्या सांध्याला त्यांचा शब्द ‘हिडित’, म्हणजे पकड. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना तो शब्द अधिक जवळचा वाटेल, आणि मलाही आता ‘कॉन्टॅक्ट’पेक्षा तोच आवडू लागला आहे. व्हर्नियर कॅलिपर बरोबर नेऊन दुकानातच पिन मोजावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

दुसरी गोष्ट पिनेच्या आतले भोक. बाहेरून सर्व बुलेट ४.७ मि.मी.च्याच असतात, पण आतील भोक तारेच्या जाडीनुसार वेगवेगळे असते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तार तिच्यातील केसांच्या संख्येने ओळखत. १४/०.३० म्हणजे ०.३० मि.मी. जाडीचे १४ केस. क्षेत्रफळ सुमारे १ चौ. मि.मी. ही तार पार्किंग व इंडिकेटरच्या दिव्यांना पुरते. २८/०.३० म्हणजे सुमारे २ चौ. मि.मी., हेडलाइटसाठी. ४४/०.३० म्हणजे सुमारे ३ चौ. मि.मी., मुख्य पुरवठ्यासाठी. मोठ्या भोकाच्या पिनेत बारीक तार घातली तर ती कितीही दाबली तरी पोकळी राहते; लहान भोकात जाड तार बसावी म्हणून काही जण चार-पाच केस कापून टाकतात. हा दुसरा प्रकार मला अधिक वाईट वाटतो, कारण तो झाकला जातो. अठ्ठावीस केसांतले सहा कापले तर त्या जागी तार जवळजवळ पावभाग बारीक झाली, आणि हे पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही.

चपट्या पात्याच्या पिनांत ६.३ मि.मी. रुंदीचे व ०.८ मि.मी. जाडीचे पाते सर्वांत प्रचलित आहे. ४.८ मि.मी. रुंदीचे पातेही असते, आणि ते ०.५ व ०.८ अशा दोन जाडींत मिळते. येथेही ‘जाते पण धरत नाही’ हीच गत. जुन्या पात्यावर नवी पिन बसविताना ती बोटांनी सहज सरकली, तर ती चुकीची किंवा सैल आहे असे समजावे. सैल पिन पकडीने चेपून घट्ट करण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती घाटातल्या रात्रीपुरती ठीक. एकदा ताप लागून मऊ झालेल्या पितळेला ताठपणा परत येत नाही.

रंगांचाही एक घोटाळा आहे. आज दुकानात लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकची टोपी असलेल्या पिना व लग मिळतात. पुष्कळांची समजूत अशी की लाल म्हणजे पॉझिटिव्ह. तसे नाही. हे रंग तारेची जाडी सांगतात : लाल ०.५ ते १.५ चौ. मि.मी., निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. तारेच्या आवरणाचे रंग ही निराळी भाषा आहे. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी तार बॅटरीतून थेट येते, पांढरी किल्ली फिरविल्यावर जिवंत होते, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून जाते, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगच्या दिव्यांची आणि काळी अर्थची. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. ही लिपी टिकवून ठेवावी. आमच्या गाडीत एका दुरुस्तीत सगळीकडे एकाच रंगाची, हाताशी होती ती तार वापरली गेली होती. ती सोडविण्यात एक अख्खा रविवार गेला.

आता पिन तारेला कशी जोडावी, यावर आमच्यात मतभेद झाले. मेस्त्रींचा भरवसा डागावर, म्हणजे सोल्डरवर. ल्यूकासच्या जुन्या बुलेटला टोकाशी छिद्र असते. तारेचे केस त्यातून किंचित बाहेर काढून कथिलाचा थेंब देतात. हे काम मेस्त्रींच्या हातून इतके देखणे होते की त्याला नावे ठेवण्याची माझी छाती नाही. पण डागाची एक खोड आहे. वितळलेले कथील केसांच्या मधून आवरणाखाली वर चढते आणि तेवढी तार काडीसारखी ताठ होते. जिथे ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथे गाडीच्या थरथरीने केस तुटू लागतात. म्हणून डाग द्यायचा तर कथील कमी, वेळ कमी, आणि पिनेमागची तार पट्टीने बांधून स्थिर केलेली हवी. शिवाय राळेचे कथीलच वापरावे. पत्र्याच्या कामाचे आम्ल किंवा कल्हईचा नवसागर भांड्याला चालतो, कारण भांडे धुतले जाते. तारेच्या आवरणाखाली शिरलेले आम्ल कोण धुणार?

दुसरी रीत क्रिंपिंगची. उघड्या पोटाच्या पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याला धरते, मागची आवरणाला. मागच्या जोडीचे काम प्रवाहाशी नाही. ओढ आणि थरथर तिने सोसायची असते. हे न कळल्यामुळे पुष्कळ ठिकाणी दोन्ही जोड्या उघड्या तांब्यावर दाबलेल्या दिसतात. नीट दाबलेल्या पिनेत केस एकमेकांत इतके घट्ट बसतात की मध्ये हवा शिरत नाही, म्हणून गंजही शिरत नाही. साध्या पकडीने हे होत नाही. त्यासाठी योग्य जबड्याचा, पूर्ण दाब बसल्याशिवाय न उघडणारा रॅचेटचा चिमटा लागतो.

येथे माझा अभ्यासविषय उपयोगी पडला. हा चिमटा महाग आहे. आम्हांला लागणाऱ्या सगळ्या पिनांच्या एकूण किमतीपेक्षा त्याची किंमत जास्त. त्यामुळे लोक चिमटा टाळतात आणि पिना मात्र पुन्हा पुन्हा विकत घेतात. हिशेबाच्या भाषेत चिमटा हा स्थिर खर्च, पिना हा चल खर्च. स्थिर खर्चाचा भार सांध्यांच्या संख्येवर वाटला जातो. एकट्या आमच्या गाडीचे साठ-सत्तर सांधे धरले तर दर सांध्याला तो जड वाटतो. आमच्या ओळखीतल्या तीन जुन्या गाड्यांत तोच चिमटा फिरला की भार एका कटिंग चहाच्या आत येतो. उलट बाजूने एका वाईट सांध्याची किंमत मांडून पाहा. निष्कारण बदललेले बल्ब, निष्कारण बदललेली बॅटरी, मेस्त्रींचे दिवस, आणि घाटातला धोका. या शेवटच्या रकमेला जमाखर्चात रकानाच नाही. आम्ही चिमटा घेतला. डॅशबोर्डमागच्या, न हलणाऱ्या बुलेटना मेस्त्रींनी डाग दिला आणि इंजिनाभोवतीच्या, थरथरणाऱ्या सर्व पिना क्रिंप केल्या, असा तोडगा निघाला.

आजच्या गाड्यांतील रबरी सीलचे, पाणी न शिरणारे कपलर घालावेत काय, हाही प्रश्न होता. ते निःसंशय सरस आहेत. काकांचा आग्रह मात्र गाडी मूळ स्वरूपात राहावी असा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते आणि तेथे मूळ स्वरूपाला महत्त्व आहे. परंतु अशी गाडी नित्य वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आमची गाडी वापरातली, तेव्हा त्या नोंदीचा विचार नव्हता. माझा कौल तरीही बुलेटच्या बाजूने पडला, आणि त्याचे कारण आठवण किंवा शोभा नव्हे. सीलचा कपलर बिघडला तर त्याची नेमकी जोड हवी. बुलेट रस्त्याच्या कडेला हाताने उपसता येते, पुसता येते, परत दाबता येते. स्लीव्ह मात्र सगळ्या नव्या घेतल्या, आणि प्रत्येक तोंडात थोडे पेट्रोलियम जेली भरले. ते प्रवाहाला वाट करून देत नाही. पाण्याला आणि हवेला अडविते.

अर्थच्या सांध्यांबद्दल थोडक्यात. प्रवाह जितका जातो तितकाच परतही येतो, पण परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असल्यामुळे तिचा विसर पडतो. लगचे भोक बोल्टाच्या मापाचे हवे, पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासलेला हवा, आणि खाली दात्यांचा वायसर हवा. एवढ्या कामाने आमचे ०.३ व्होल्ट परत आले. हे सर्व करताना बॅटरीचे टोक सोडविलेले असावे, हे सांगायला नको, तरी सांगतो.

काम संपल्यावर पुन्हा मोजले. बॅटरीवर १२.४, बल्बवर ११.८. उरलेले ०.६ बहुधा जुन्या स्विचमध्ये आणि तारेच्या लांबीत आहेत. ते काढायचे तर रिले बसवावा लागेल, आणि तो विषय दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काकांनी तहकूब ठेवला आहे. तूर्त डिकीत एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यात दोन मापांच्या भोकांच्या डझनभर बुलेट, सहा स्लीव्ह, निळ्या-पांढऱ्या व निळ्या-लाल तारेचा हात-दोन हात तुकडा, आणि जेलीची डबी. डब्याच्या झाकणावर मेस्त्रींनी कानडीत आणि मी मराठीत तीच सूचना लिहिली आहे : ४.७ चालेल, ३.९ नको.